लघुव्यावसायिकांसाठी मार्गदर्शन आणि सहाध्ययन-जाळी : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

सारांश

लघुव्यवसायांच्या विकासाचा विचार करताना भांडवल, कर्ज आणि प्रशिक्षण या तीन घटकांवर भर दिला जातो. व्यवसाय चालवताना रोज उभ्या राहणाऱ्या अडचणींविषयी व्यावसायिकाने कोणाशी बोलावे, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. अनुभवी व्यावसायिकाचे मार्गदर्शन आणि समव्यावसायिकांच्या नियमित भेटींतून होणारे सहाध्ययन या दोन मार्गांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. केनिया, चीन, कोलंबिया आणि भारत येथील अभ्यासांच्या व महाराष्ट्रातील काही संस्थांच्या अनुभवाच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या मार्गांचे यश वक्त्याच्या विद्वत्तेपेक्षा जवळीक, नियमितता आणि गटाची रचना या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. त्या अनुषंगाने महाविद्यालयांच्या भूमिकेचाही विचार केला आहे.

बीजशब्द : लघुव्यवसाय, मार्गदर्शन, सहाध्ययन, अव्यक्त ज्ञान, समव्यावसायिक गट, महाविद्यालय.

प्रस्तावना

तालुक्याच्या गावी एखादी महिला पोळी-भाजी केंद्र चालवते, असे मानू. दिवसभर गिऱ्हाईक असते, गल्ला भरतो. तरीही महिनाअखेरीस किराणा दुकानदाराची उधारी भागत नाही. तिने एकदिवसीय उद्योजकता शिबिरात भाग घेतलेला आहे आणि तेथे मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे. 'रोखप्रवाह' हा शब्दही तिने ऐकलेला आहे. परंतु घरखर्च गल्ल्यातूनच जातो, स्वतःच्या श्रमाचे मोल पोळीच्या दरात धरलेले नाही आणि गॅस सिलिंडरचा खर्च कोठेच लिहिलेला नाही, या गोष्टी तिला शिबिरात कोणी विचारल्या नाहीत. शेजारच्या गावात दहा वर्षे खाणावळ चालवणाऱ्या एखाद्या बाईंनी हाच प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील परिस्थिती अपवादात्मक नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला व्यवसाय 'सूक्ष्म' गणला जातो. ही मर्यादा इतकी व्यापक आहे की शिवणकामाचे छोटे दुकान आणि चांगला चाललेला कारखाना हे दोन्ही एकाच वर्गात येतात. या वर्गाच्या खालच्या टोकाला असलेल्या व्यवसायांत मालक हाच खरेदीदार, विक्रेता, हिशोबनीस आणि वसुली अधिकारी असतो. मोठ्या कंपनीत निर्णय घेण्यापूर्वी चार जण चर्चा करतात. येथे निर्णय एकट्याने घ्यावा लागतो आणि चुकीची किंमतही कुटुंबालाच मोजावी लागते. लघुव्यावसायिकाच्या अडचणीत पैशाच्या टंचाईइतकाच या एकाकीपणाचाही वाटा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रस्तुत विषयाचे महत्त्व स्पष्ट होते.

संकल्पनांचे स्वरूप

'मार्गदर्शन' या संज्ञेने येथे अनुभवी व्यावसायिकाने नवोदित व्यावसायिकाला दीर्घकाळ दिलेली वैयक्तिक साथ अभिप्रेत आहे. सल्लागार शुल्क घेऊन विशिष्ट प्रश्न सोडवतो, तर प्रशिक्षक ठरलेला अभ्यासक्रम शिकवतो. मार्गदर्शक मात्र व्यक्तीला ओळखतो आणि तिच्या व्यवसायाच्या वाटचालीसोबत राहतो. 'सहाध्ययन' या संज्ञेने साधारण समान स्थितीतील व्यावसायिकांनी परस्परांकडून शिकणे अभिप्रेत आहे. पहिल्या नात्यात वडीलकी असते, दुसऱ्यात बरोबरी असते. प्रत्यक्षात ही दोन्ही नाती एकमेकांत मिसळलेली आढळतात. कारण गटातील प्रत्येक सदस्य कोणत्या ना कोणत्या बाबतीत इतरांपेक्षा अनुभवी असतो.

या कल्पना मराठी समाजाला नव्या नाहीत. कारखान्यात वस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करणे ही कौशल्य संपादन करण्याची जुनी रीत आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वसाहतींत एका कारखान्यात शिकलेल्या कारागिरांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. भिशी हीसुद्धा केवळ बचतीची व्यवस्था नसते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांनी एकत्र येण्याची आणि एकमेकांची पत जोखण्याची ती एक शिस्त असते.

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अव्यक्त ज्ञानाची संकल्पना मांडली. माणसाला जे ठाऊक असते त्यातील बराच भाग त्याला शब्दांत सांगता येत नाही, हा तिचा गाभा आहे. कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यावे, कोणत्या महिन्यात माल भरून ठेवावा, कामगार सोडून जाण्याच्या बेतात आहे हे कशावरून ओळखावे, हे सर्व ज्ञान या प्रकारचे असते. जीन लेव्ह आणि एटीन वेंगर यांनी १९९१ मध्ये असे दाखवून दिले की, असे ज्ञान प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या समूहात हळूहळू सामील होण्यातून मिळते. सहाध्ययनाच्या विचारामागील सैद्धान्तिक आधार हा आहे.

ज्ञान आपोआप का पसरत नाही?

आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये औद्योगिक वसाहतींचे विवेचन करताना असे मत मांडले होते की, एकाच धंद्यातील माणसे जवळ जवळ राहू लागली की धंद्याची गुपिते वातावरणातच मिसळून जातात. हे खरे असते तर सहाध्ययनासाठी वेगळी जाळी उभारण्याची गरजच उरली नसती.

मुंबईजवळील तारापूर आणि उंबरगाव परिसरातील कापडगिरण्यांच्या अभ्यासातून मात्र निराळे चित्र समोर आले. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात काही गिरण्यांना व्यवस्थापन-सल्ला विनामूल्य देण्यात आला. साठ्याची नोंद, यंत्रांची नियमित देखभाल, दोषांची दैनंदिन तपासणी अशा साध्या पद्धती अंगीकारल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. या पद्धती पूर्वी न स्वीकारण्याचे प्रमुख कारण त्यांची माहिती किंवा त्यांच्या उपयुक्ततेची खात्री नसणे हे होते. याच गिरण्यांचा काही वर्षांनंतर पुन्हा अभ्यास झाला व तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पद्धती त्याच मालकाच्या इतर गिरण्यांत पोचल्या होत्या; शेजारच्या मालकांकडे त्या फारशा गेल्या नव्हत्या. शिवाय मूळ गिरण्यांतही स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. भिंतीला भिंत लागून असली तरी ज्ञान पलीकडे जातेच असे नाही. त्यासाठी संवादाची व्यवस्था लागते. तसेच एकदा शिकलेले टिकतेच असेही नाही. त्यासाठी ती व्यवस्था चालू राहावी लागते.

मार्गदर्शक कोण असावा?

या प्रश्नावर केनियातील एका अभ्यासाने महत्त्वाचा प्रकाश टाकला. वायट ब्रूक्स, केव्हिन डोनोव्हन आणि टेरेन्स जॉन्सन यांनी नैरोबीतील दांदोरा या वस्तीत छोटे व्यवसाय करणाऱ्या तरुण महिलांचा अभ्यास केला. काही महिलांना वर्गात व्यवसाय-प्रशिक्षण देण्यात आले, काहींची गाठ त्याच वस्तीतील यशस्वी व अनुभवी महिला व्यावसायिकांशी घालून देण्यात आली आणि काहींना यांपैकी काहीच मिळाले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मार्गदर्शक मिळालेल्या महिलांचा नफा काहीच न मिळालेल्या महिलांच्या तुलनेत सरासरी २० टक्क्यांनी अधिक होता. वर्गातील प्रशिक्षणाचा नफ्यावर परिणाम दिसून आला नाही.

हा निष्कर्ष अध्यापकवर्गाला काहीसा अप्रिय वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. नफ्यातील वाढ मुख्यतः खर्च कमी झाल्यामुळे झाली होती. कोणत्या पुरवठादाराकडे माल स्वस्त मिळतो, ही स्थानिक माहिती मार्गदर्शक महिलांकडे होती आणि त्यांच्यामुळे नवोदित महिलांनी पुरवठादार बदलले. अशी माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात असू शकत नाही. याच अभ्यासात असेही आढळले की, भेटी थांबल्यावर मार्गदर्शनाचा लाभ ओसरत गेला. ज्यांच्या भेटी चालू राहिल्या त्यांच्या बाबतीत तो टिकला. म्हणजेच मार्गदर्शकाने एकदा काय शिकवले याला जितके महत्त्व आहे, तितकेच बाजार बदलला की पुन्हा विचारायला कोणी आहे की नाही यालाही आहे.

यातून मार्गदर्शकाच्या निवडीविषयी एक व्यावहारिक सूत्र निघते. मार्गदर्शक हा व्यवसायात नवोदितापेक्षा पुढे गेलेला असावा, परंतु त्याची परिस्थिती विसरण्याइतका दूर गेलेला नसावा. मोठ्या उद्योगपतीचे व्याख्यान प्रेरणा देते. मंडईत सकाळी किती वाजता जावे हे मात्र त्याच मंडईत जाणारा माणूस सांगू शकतो.

सहाध्ययन-गट कसा कार्य करतो?

चीनमधील नानचांग शहरात जिंग काय आणि अॅडम साइडल यांनी केलेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. २,८२० लघु व मध्यम उद्योगांपैकी काहींच्या मालक-व्यवस्थापकांचे सुमारे दहा-दहा जणांचे गट करण्यात आले. या गटांनी वर्षभर दरमहा एकत्र भेटावे, एवढीच अपेक्षा होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा भेटींमध्ये सहभागी झालेल्या उद्योगांची विक्री ८.१ टक्क्यांनी वाढली. नफा, व्यावसायिक भागीदारांची संख्या आणि व्यवस्थापनाचा दर्जा यांतही वाढ आढळली. ज्यांच्या गटात मोठे उद्योग होते त्यांना अधिक लाभ झाला. भागीदारी मात्र एखाद्या वेळच्या भेटीपेक्षा नियमित गटातच अधिक जुळली. ओळख एका कार्यक्रमात होऊ शकते. विश्वास वारंवार भेटीतूनच निर्माण होतो, असा याचा अर्थ घेता येईल.

कोलंबियातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांच्या अभ्यासात वैयक्तिक सल्ला आणि छोट्या गटातील सल्ला यांची तुलना करण्यात आली. दोन्ही प्रकारांत व्यवस्थापन-पद्धतींत जवळजवळ सारखीच, म्हणजे ८ ते १० टक्केबिंदूंची सुधारणा झाली. गटपद्धतीचा खर्च मात्र वैयक्तिक सल्ल्याच्या सुमारे एक तृतीयांश होता. मर्यादित साधने असलेल्या संस्थांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

गटात नेमके काय घडते, हेही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे तुलना : इतरांचा घाऊक दर कळल्यावर आपण जास्त दराने खरेदी करतो हे ध्यानात येते. दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरदायित्व : 'पुढच्या महिन्यापासून रोजमेळ लिहीन' असे दहा जणांसमोर म्हटले की ते टाळणे अवघड जाते. तिसरी गोष्ट म्हणजे धीर : हप्ता थकल्याची लाज एकट्याच्या मनात वाढत जाते, तोच प्रसंग इतरांवरही येऊन गेल्याचे कळल्यावर बँकेत जाऊन बोलण्याचे बळ येते.

वसुलीचा प्रश्न या तिन्ही गोष्टींची गरज दाखवतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. तरीही एकटा पुरवठादार मोठ्या खरेदीदाराविरुद्ध तक्रार करण्यास कचरतो. ही तरतूद आहे, तिचा अर्ज असा करतात आणि त्यानंतर काय होते, हे त्या अनुभवातून गेलेल्या माणसाने सांगितल्यास कायदा कागदावरून व्यवहारात येतो.

महाराष्ट्रातील व भारतातील अनुभव

महाराष्ट्रात व्यावसायिकांच्या संघटनांची परंपरा जुनी आहे. पुण्यातील मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली. मराठी उद्योजकांना नियमित भेटींच्या सूत्रात बांधण्यासाठी माधवराव भिडे यांनी २००० मध्ये सॅटर्डे क्लबची सुरुवात केली. वैयक्तिक मार्गदर्शनाच्या क्षेत्रात १९९२ पासून कार्यरत असलेल्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टने ब्रिटनमधील १९७६ च्या प्रिन्सेस ट्रस्टपासून प्रेरणा घेतली. तरुण उद्योजकाला कर्जाच्या साहाय्याबरोबरच स्वयंसेवी मार्गदर्शक मिळवून देणे, हे या ट्रस्टच्या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

ग्रामीण संदर्भात सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील म्हसवडचा अनुभव बोधप्रद आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील महिलांनी बँक काढण्याचा प्रस्ताव मांडला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नसल्याने तो पहिल्या वेळी नामंजूर झाला. महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, पुन्हा रिझर्व्ह बँकेचे दार ठोठावले आणि व्याजाचा हिशोब आपल्याला तोंडी करता येतो हे ठामपणे सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे २००६ मध्ये ग्रामीण महिलांसाठी व्यवसाय-शिक्षणाचा उपक्रमही सुरू झाला. या घटनाक्रमातून असे दिसते की, हिशोबाची जाण महिलांकडे आधीपासूनच होती. तिला मान्यतेचे रूप देण्याचे बळ एकत्र येण्यातून मिळाले.

अहमदाबादमधील सेवा बँकेच्या महिला ग्राहकांच्या अभ्यासातूनही याला दुजोरा मिळतो. एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात काही महिलांना दोन दिवसांच्या व्यवसाय-समुपदेशनास एकटीने, तर काहींना मैत्रिणीसह बोलावण्यात आले. मैत्रिणीसह आलेल्या महिलांनी व्यवसायासाठी अधिक प्रमाणात कर्ज घेतले आणि चार महिन्यांनंतर त्यांच्या कुटुंबाचे उत्पन्नही अधिक आढळले. सामाजिक बंधने अधिक असलेल्या समूहांतील महिलांमध्ये हा परिणाम ठळक होता. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच. फरक होता तो शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाचा.

मर्यादा आणि धोके

सहाध्ययन-जाळ्यांची मोठी मर्यादा स्पर्धेतून निर्माण होते. नानचांग येथील अभ्यासात काही मालकांना उपयुक्त माहिती देऊन ती गटात कितपत पसरते हे पाहण्यात आले. जेथे सदस्य परस्परांचे थेट स्पर्धक होते, तेथे वाटून घेतल्यास स्वतःचा लाभ घटण्याची शक्यता असलेली माहिती कमी पसरली. एकाच रस्त्यावरील दोन मिठाई दुकानदार एकमेकांना खवा कोठून आणतो हे सांगतील, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. म्हणून गटात एकाच प्रकारचे पण भिन्न गावांतील, किंवा एकाच गावातील पण भिन्न प्रकारचे व्यावसायिक असणे इष्ट ठरते.

याच्या उलट टोकाचा धोकाही संभवतो. स्पर्धक एकत्र येऊन दर ठरवू लागले, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ चा भंग होतो. चर्चा खर्च, पद्धती आणि अडचणी यांविषयी असावी. विक्रीचे दर संगनमताने ठरवण्याविषयी नसावी, हा संकेत पहिल्याच बैठकीत स्पष्ट करणे आवश्यक आहे.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. जाळी बहुधा ओळखीतून विणली जातात आणि ओळख जात, नाते व लिंग यांच्या चौकटीत वावरते. ज्यांना मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते, तेच अशा वर्तुळांबाहेर राहण्याची शक्यता अधिक असते. बैठकीची वेळ सायंकाळी आठची ठेवल्यास अनेक महिला आपोआप वगळल्या जातात. याखेरीज मार्गदर्शकाचे हितसंबंध, गटातील एखाद्याचे वर्चस्व आणि एकाची चूक सर्वांनी गिरवण्याचा संभव, यांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. करविषयक किंवा अन्नसुरक्षेसारख्या बाबींत सहाध्यायींचे मत तज्ज्ञाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

उपर्युक्त विवेचनावरून महाविद्यालयाने व्यावसायिकांना शिकवण्याचे काम सोडून द्यावे, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. भूमिकेत बदल मात्र अपेक्षित आहे. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय ही बहुतेकांना परिचित, तुलनेने तटस्थ आणि जागा उपलब्ध असलेली संस्था असते. परस्परांच्या दुकानात बसून अडचणी सांगण्यास संकोचणारे व्यावसायिक महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत मोकळेपणाने बोलू शकतात.

वाणिज्य विभागाला आठ ते दहा व्यावसायिकांचा एखादा गट वर्षभर चालवता येईल. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दीड-दोन तासांची असावी. प्रत्येक वेळी एका सदस्याने आपली एक खरी अडचण मांडावी. इतरांनी आधी प्रश्न विचारावेत, सल्ला नंतर द्यावा. बैठकीतील माहिती बाहेर जाणार नाही, हे सर्वांनी मान्य करावे. शेवटी प्रत्येकाने पुढील महिन्यात करावयाची एक गोष्ट सांगावी आणि पुढील बैठकीचा आरंभ तिच्या आढाव्याने व्हावा. अध्यापकाने येथे वक्त्याऐवजी संयोजकाचे काम करावे आणि हिशोब, कर किंवा कायदा यांविषयी नेमका प्रश्न निघाला तरच आपले विषयज्ञान पुरवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्प, कार्यप्रशिक्षण आणि समाजसहभाग यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. रोजमेळ बसवून देणे, खर्चाचा तक्ता करणे, थकबाकीची यादी लिहिणे ही कामे विद्यार्थ्यांनी केल्यास दोन्ही बाजूंचा लाभ होईल.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. शिबिरास किती जण उपस्थित होते व किती प्रमाणपत्रे दिली, या आकड्यांतून फारसे कळत नाही. वर्षाअखेरीस किती सदस्यांचे हिशोब नियमित झाले, किती जणांची थकबाकी वसूल झाली, किती जणांनी पुरवठादार बदलला आणि किती जण अजून बैठकीला येतात, हे प्रश्न अधिक अर्थपूर्ण आहेत.

समारोप

लघुव्यावसायिकाला लागणारे पुष्कळसे ज्ञान त्याच्या आसपासच असते. परंतु ते विखुरलेले, न बोललेले आणि कित्येकदा झाकून ठेवलेले असते. मार्गदर्शन आणि सहाध्ययन-जाळी ही ते ज्ञान बोलते करण्याची साधने आहेत. मार्गदर्शक जवळचा असावा, भेटी नियमित असाव्यात आणि गटात स्पर्धेपेक्षा विश्वासाला वाव असावा, या तीन अटी पूर्ण झाल्यास अल्प खर्चातही परिणाम साधता येतो. भेटी थांबल्या की लाभही ओसरतो, ही जाणीव मात्र आरंभापासून ठेवावी लागते. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या महिलेला आणखी एका प्रमाणपत्राची गरज नाही. आपली वही ज्यांच्यासमोर संकोच न बाळगता उघडता येईल, अशी आठ-दहा माणसे तिला हवी आहेत आणि त्यांना दरमहा एकत्र बसवण्याचे काम गावातील महाविद्यालय करू शकते.